रेक की ट्रॅव्हल? लेकीला सॉफ्टबॉल खेळायला पाठवताना

जुलै संपत आला की मला दरवर्षी असे दोन-तीन फोन येतात. "लेक दोन वर्षं टाउनच्या लीगमध्ये खेळतेय. आता कुणीतरी म्हणालं ट्रॅव्हलचा ट्रायआउट द्या. देऊ का गं?" फोन करणारी आई बहुतेक वेळा अमेरिकेत येऊन चार-पाच वर्षं झालेली असते. घरात विचारायला कुणी नसतं, कारण आपण सगळे क्रिकेट बघत मोठे झालो. आपल्या महाराष्ट्रात सॉफ्टबॉल, म्हणजे बेसबॉलसारखाच पण मोठ्या चेंडूचा खेळ, शाळा-कॉलेजांत खेळला जातो, त्याला शिवछत्रपती पुरस्कारही मिळतात, पण इथे येणाऱ्या दहा घरांतल्या नऊ घरांनी तो कधी जवळून पाहिलेला नसतो.

माझी लेक आता बारा वर्षांची आहे आणि न्यू जर्सीत हा तिचा सहावा हंगाम. आधी रेक, मग एक चुकीचा ट्रॅव्हल संघ, मग परत रेक, आणि आता चांगला ट्रॅव्हल संघ, अशा वाटेने आम्ही आलो. जे फोनवर तुकड्या-तुकड्यांनी सांगते ते इथे एकत्र लिहिते.

आधी शब्द समजून घ्या

रेक म्हणजे रिक्रिएशनल. तुमच्या गावाची किंवा लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल-सॉफ्टबॉलच्या मोठ्या संस्थेची स्थानिक संघटना ती चालवते. नाव नोंदवलं, फी भरली की मुलगी खेळणार, निवडीचा प्रश्नच नाही. कोच म्हणजे कुणाचे तरी आई-बाबा, विनामोबदला. सामने गावात किंवा शेजारच्या गावात, आठवड्यातून एक-दोन, मुख्यतः एप्रिल ते जून. लिटल लीगमध्ये प्रत्येक मुलीला सामन्यात किमान काही वेळ मैदानावर आणि किमान एकदा बॅटिंगला उतरवण्याचा नियमच आहे.

ट्रॅव्हल म्हणजे निवड होऊन मिळालेली जागा. खाजगी क्लब, ऑगस्टमध्ये ट्रायआउट म्हणजे निवड चाचणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात सामने, हिवाळाभर बंदिस्त हॉलमध्ये सराव, आणि मग उन्हाळ्यात बहुतेक शनिवार-रविवार टुर्नामेंट. न्यू जर्सीतून निघालात तर पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर, मेरीलँडचे रस्ते पाठ होतात.

या दोन्हींच्या मधे एक तिसरी वाट आहे आणि नवीन पालकांना ती कुणी सांगत नाही. रेकचा हंगाम संपताना जूनमध्ये लीग आपल्या चांगल्या मुली निवडून ऑल-स्टार संघ करते. पाच-सहा आठवडे जोरात सराव, दुसऱ्या गावांशी सामने, आणि संपलं. ट्रॅव्हल झेपेल का हे बघायला याहून स्वस्त परीक्षा नाही.

आपल्या मनात मात्र लगेच अ तुकडी आणि ब तुकडी उभी राहते. शाळेत हुशार मुलं अ तुकडीत असायची, तसं ट्रॅव्हल म्हणजे अ. हा विचार पहिल्या दिवशीच बाजूला ठेवा. नऊ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तो साफ चुकीचा ठरतो, कसा ते पुढे सांगते.

वयोगट ८-यू, १०-यू, १२-यू, १४-यू असे लिहिले जातात. यू म्हणजे त्या वयापर्यंत. वय कोणत्या तारखेला मोजायचं हे संघटनेनुसार बदलतं, म्हणून नोंदणी करताना तारीख विचारूनच घ्या. पिचर (चेंडू टाकणारी) आणि बॅटर (मारणारी) यांच्यातलं अंतर १०-यूला ३५ फूट, १२-यूला ४० आणि १४-यूपासून ४३ फूट असतं. १०-यूपर्यंत चेंडूचा घेर ११ इंच, पुढे १२ इंच. हे आकडे लक्षात ठेवा. एका गटातून दुसऱ्यात गेलेली मुलगी अचानक "खेळ विसरली" असं वाटतं, तेव्हा ती काही विसरलेली नसते. चेंडू मोठा झालेला असतो आणि पिचर लांब गेलेली असते.

जाता जाता एक गोष्ट, कारण ती आमच्या राज्यातली आहे. १९७२ साली होबोकनमध्ये मारिया पेपे नावाची मुलगी लिटल लीगच्या मुलांच्या बेसबॉल संघातून तीन सामने खेळली आणि मुलगी म्हणून तिला थांबवण्यात आलं. प्रकरण न्यू जर्सीच्या न्यायालयापर्यंत गेलं, आणि १९७४ मध्ये लिटल लीगने मुलींना दार उघडलं. त्याच वर्षी त्यांनी मुलींसाठी सॉफ्टबॉलही सुरू केला. माझ्या लेकीला ही गोष्ट फार आवडते.

पहिली पायरी: एक पूर्ण हंगाम रेक, काहीही झालं तरी

वसंतातल्या हंगामाची नोंदणी डिसेंबर ते फेब्रुवारीत होते. बर्फ पडत असताना सॉफ्टबॉल कुणाच्या डोक्यात नसतो आणि तारीख निघून जाते. टाउनच्या रिक्रिएशन विभागाच्या ईमेल यादीत आजच नाव घाला.

सामान थोडंच लागतं. उजव्या हाताने फेकणाऱ्या मुलीचा ग्लव्ह डाव्या हातात असतो. क्रिकेटवाले बाबा नेमके इथे गोंधळतात आणि उलटा ग्लव्ह घरी येतो. लहान मुलीला ११ इंचाच्या आसपासचा पुरतो. नवा ग्लव्ह पुठ्ठ्यासारखा कडक असतो. आम्ही त्यात चेंडू ठेवून परकराच्या जुन्या नाडीने करकचून बांधायचो आणि रात्रभर ठेवायचो. पण खरा मऊ होतो तो रोज पंधरा मिनिटं अंगणात झेल घेऊनच. बॅटवर लांबी इंचात आणि वजन औंसात लिहिलेलं असतं. २८ इंच लांब आणि १७ औंस वजन म्हणजे त्या दोघांतला फरक ११, म्हणून तिला ड्रॉप ११ म्हणतात. पहिल्या वर्षी साधी अ‍ॅल्युमिनियमची हलकी बॅट घ्या. तीनशे डॉलरची कॉम्पोझिट बॅट आठ वर्षांच्या मुलीच्या हातात काही वेगळं करत नाही. समोर जाळी असलेलं हेल्मेट हवंच. इनफिल्डला, म्हणजे बॅटरच्या जवळच्या भागात, उभी राहणार असेल तर चेहऱ्याचा फिल्डिंग मास्क सक्तीचा नसला तरी घ्या, यात हयगय नको.

आता रेकबद्दल खरं ते सांगते. ८-यूमध्ये बहुतेक ठिकाणी कोचच चेंडू टाकतात, सगळ्या मुली मारतात, मजा असते. १०-यूला मुली स्वतः पिच करू लागतात आणि खेळ एकदम रडत-रखडत चालतो. विंडमिल पद्धतीने, म्हणजे हात पूर्ण गोल फिरवून कमरेखालून चेंडू सोडणं शिकायला दोन-तीन वर्षं लागतात. त्यामुळे वॉकवर वॉक. बॅटर न मारताच पहिल्या बेसवर (धावेच्या पहिल्या टप्प्यावर) चालत जातात आणि मैदानातल्या मुली गवत उपटत बसतात. याच सुमारास पालकांचा धीर सुटतो आणि "इथे काही शिकवत नाहीत, ट्रॅव्हलला घालू" असं सुरू होतं. थोडं थांबा. त्या गटातल्या सगळ्याच गावांत हे असंच चाललेलं असतं. दुसऱ्या वर्षी बरंच सुधारतं.

दुसरी पायरी: चेंडू मोजा

कुणी मला एकच गोष्ट विचारली तर मी हीच सांगते.

लेक नऊ वर्षांची असताना एका ट्रॅव्हल क्लबने तिला घेतलं. आम्ही हरखून गेलो. जर्सीवर नाव, पाठीवर नंबर, बॅट अडकवायची मोठी पिशवी. संघात चौदा मुली होत्या. मैदानावर नऊच लागतात, हे गणित आम्ही घातलंच नाही. मे महिन्यातल्या एका टुर्नामेंटला माझे बाबा पुण्याहून आलेले होते. ते घडीच्या खुर्चीत, टोपी घालून, मांडीवर वही घेऊन बसले. आयुष्यभर बँकेत काम केलेला माणूस, आकडा दिसला की लिहितो. रविवारी संध्याकाळी गाडीत त्यांनी ती वही माझ्यापुढे धरली. चार सामने. नात तीन वेळा बॅटिंगला गेली. सहा इनिंग राइट फिल्डला, म्हणजे लांब उजव्या कोपऱ्यात, उभी राहिली, तिच्याकडे चेंडू आला एकदा. बाकी वेळ डगआउटमध्ये बाकावर. त्याच्या खाली त्यांनी आदल्या वर्षीच्या रेकच्या एका बुधवारचा हिशेब लिहिला होता, तोही त्यांनीच पाहिलेला: एका संध्याकाळी तीन वेळा बॅटिंग, दोन इनिंग शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे, जिथे चेंडू सतत येतो), एक इनिंग कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखी), आणि हाताशी आलेले सात चेंडू.

"दोन दिवस आणि साडेतीनशे मैलांत एक चेंडू," एवढंच ते म्हणाले.

मुलगी शिकते ती चेंडूला हात लागल्यावर. कोच कितीही नावाजलेला असो, बाकावरून ग्राउंडर (जमिनीवरून येणारा चेंडू) पकडता येत नाही. म्हणून वही घ्या आणि तीन सामने मोजा: किती वेळा बॅटिंग, किती इनिंग मैदानात, कोणत्या जागांवर, किती चेंडू आले. तुमची लेक रेकमध्ये भरपूर चेंडू खेळतेय आणि तिला त्यात आव्हानही वाटतंय, तर तिला हलवायचं कारण नाही. ती प्रत्येक चेंडू लीलया पकडतेय, पण पहिल्या बेसवरच्या मुलीला तिचा थ्रो झेलताच येत नाही, आणि हे आठवड्यामागून आठवडे चाललंय, तेव्हा वरच्या संघाचा विचार सुरू करा.

दुसरी खूण घरात दिसते. कुणी न सांगता ती चेंडू घेऊन भिंतीवर मारते का? पाऊस पडून सामना रद्द झाला तर तिला वाईट वाटतं की हायसं वाटतं? हायसं वाटत असेल तर उत्तर मिळालं. ते मान्य करायला आपल्यालाच जड जातं.

तिसरी पायरी: घराचं कॅलेंडर टेबलावर पसरा

ट्रॅव्हलमध्ये शनिवारी पूल प्ले असतो, म्हणजे गटातले दोन-तीन सामने. त्यावरून क्रम लागतो आणि रविवारी बाद फेरी. रविवारचं काहीच सांगता येत नाही. सकाळी आठचा सामना हरलात तर दहाला घरच्या वाटेवर, जिंकत गेलात तर संध्याकाळी सहापर्यंत मैदानावर. रविवारी दुपारी कुणाच्या घरी पूजेला येतो म्हणून कबूल करता येत नाही, धाकट्या भावाचं पोहणं बुडतं, आणि आपली रविवारची मराठी शाळा तर जवळजवळ जातेच.

मराठी घरांत तीन ठिकाणी खटके उडतात. सप्टेंबरात मंडळाचा गणपती आणि फॉल टुर्नामेंट एकाच शनिवारी येतात. भरतनाट्यमचा क्लास शनिवारी सकाळी असतो. आणि सगळ्यात मोठं, भारताची फेरी. आपण शाळा सुटली की जूनअखेर निघतो, आणि ट्रॅव्हलचा खरा हंगाम जून-जुलै. ज्या वर्षी आजी-आजोबांकडे सहा आठवडे जायचं आहे त्या वर्षी ट्रॅव्हल घेऊ नका. उरलेल्या अकरा मुलींच्या घरांनी तुमच्या मुलीला धरून उन्हाळा आखलेला असतो. आम्ही आता एक आड एक वर्ष डिसेंबरात जातो. तेव्हा हिवाळ्यातले दोन-तीन सराव बुडतात, तेवढं कोच चालवून घेतात.

मंडळाची तारीख मात्र ऑगस्टमध्येच कोचला ईमेलने कळवा. "आमचा सण आहे, हा शनिवार ती येणार नाही," असं सहा आठवडे आधी सांगितलं तर आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही. आदल्या गुरुवारी सांगितलं तर राग येतो, आणि तो रास्त आहे.

चौथी पायरी: पैशांचा पूर्ण हिशेब

आमच्या भागात रेकची फी दीडशे-दोनशे डॉलरच्या आसपास असते, शिवाय स्नॅकच्या टपरीवर पालकांच्या एक-दोन पाळ्या. ट्रॅव्हलची वर्षाची फी आम्हाला दीड हजार ते तीन हजार डॉलरपर्यंत सांगितली गेली आहे. ती फी म्हणजे निम्मा खर्च समजा. हॉटेलं, पेट्रोल, बाहेरचं खाणं, मोठी झाल्यावर नवी बॅट, आणि पिचर असेल तर खाजगी शिकवणी वेगळी. काही टुर्नामेंटांत "स्टे टु प्ले" असतं, म्हणजे त्यांनी ठरवलेल्याच हॉटेलात खोली घ्यावी लागते, नातेवाईक गावात राहत असले तरी.

सही करण्याआधी लेखी विचारा: फीमध्ये युनिफॉर्म धरलाय का, हिवाळ्याच्या हॉलचं भाडं धरलंय का, टुर्नामेंट किती, त्यातल्या हॉटेलात राहावं लागेल अशा किती, आणि मधेच सोडावं लागलं तर परत काय मिळतं. बहुतेक ठिकाणी काहीच परत मिळत नाही.

खाण्याचा खर्च मात्र आपण सहज वाचवतो. दशम्या, दह्यातली कोशिंबीर, भिजवलेले शेंगदाणे आणि गारेगार लिंबू सरबताचा थर्मास. दोन सामन्यांच्या मधे पिझ्झा खाल्लेल्या मुलीला तिसऱ्या सामन्यात धावता येत नाही. आमच्या संघातल्या अर्ध्या मुली आता माझ्या डब्याभोवती असतात.

पाचवी पायरी: ट्रायआउट

जाण्याआधी क्लबचा एखादा सामना लांबून बघून या, शक्यतो ते हरत असतानाचा. चूक करून डगआउटमध्ये परतलेल्या मुलीशी कोच काय बोलतो, कसा बोलतो, हे दहा मिनिटांत कळतं. बाकावरच्या मुली उभ्या राहून ओरडतायत की मोजे ओढत बसल्यात, तेही बघा.

ट्रायआउट दीड-दोन तासांचा असतो. ग्राउंडर, उंच झेल, थ्रो, बॅटिंग, धाव. पिचर आणि कॅचरना वेगळं बघतात. दोन क्लबांच्या ट्रायआउटला जाणं चुकीचं नाही, सगळेच जातात.

मग कोचला विचारा. संघात किती मुली घेणार? अकरा-बारा चांगलं, चौदा ऐकलं तर मी आता तिथूनच परत फिरते. तुमची स्वतःची मुलगी संघात आहे का आणि ती कुठे खेळते? असणं वाईट नाही, आमचे आताचे कोचही एका मुलीचे बाबाच आहेत. पण पिचर आणि शॉर्टस्टॉप दोन्ही कोचांच्याच मुली, कायमच्या, असं असेल तर त्याला इथे "डॅडी बॉल" म्हणतात आणि त्यात बाहेरच्या मुलीला जागा मिळत नाही. शनिवारी सगळ्यांना खेळवता का? पुष्कळ कोच शनिवारी सगळ्यांना आणि रविवारी जिंकण्यासाठी खेळवतात. तसं आधीच सांगितलं तर ते प्रामाणिक आहे. बाहेरून पाहुण्या खेळाडू आणता का? फुटबॉल किंवा बास्केटबॉल खेळलेलं चालतं का?

आमच्या पहिल्या क्लबला यातला एकही प्रश्न मी विचारला नव्हता. निवड झाली याच आनंदात सही केली.

शरीराकडे लक्ष

कमरेखालून चेंडू टाकला की खांद्यावर ताण येत नाही, असं इथे पुष्कळ कोच आणि आई-बाबा मानतात. ते खरं नाही. विंडमिल टाकणाऱ्या मुलींचे खांदे आणि कोपर दुखावतात, आणि संघात एकच चांगली पिचर असेल तर दोन दिवसांत तिला चार सामने टाकायला लावतात. तुमची लेक पिचर असेल तर टाकलेले चेंडू तुम्ही स्वतः मोजा, कोचवर सोडू नका.

अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्ला असा आहे की मुलांनी आठवड्यातून किमान एक-दोन दिवस आपल्या खेळापासून सुट्टी घ्यावी, वर्षातून एकंदर तीन महिने तो खेळ बंद ठेवावा, सलग नाही तरी महिन्या-महिन्याने, आणि एकाच खेळात झोकून देणं साधारण १५-१६ वयापर्यंत लांबवावं. आम्ही नोव्हेंबर आणि ऑगस्टचा बहुतेक भाग पूर्ण बंद ठेवतो. त्या दिवसांत ती सायकल चालवते, पोहते, आणि ग्लव्ह गॅरेजमध्ये असतो.

स्कॉलरशिपचं काय?

हा प्रश्न बाबांचा असतो. २०२४-२५ पर्यंत डिव्हिजन १, म्हणजे कॉलेजच्या खेळांतली सगळ्यात वरची श्रेणी, तिच्या एका संघाला १२ शिष्यवृत्त्यांएवढाच निधी देता येत असे, आणि तो वीस-बावीस मुलींत वाटला जाई. आता तो नियम बदललाय, पण पूर्ण खर्च निघणाऱ्या मुली थोड्याच. डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी पैसे देतच नाहीत. डिव्हिजन १ चे कोच अकरावीच्या १ सप्टेंबरआधी मुलीशी निवडीबद्दल बोलूही शकत नाहीत. त्यामुळे दहा वर्षांच्या मुलीच्या संघाला "कॉलेजचे कोच येतात" असं कुणी सांगितलं तर त्या वाक्यासाठी पैसे मोजू नका. हायस्कूलच्या संघात खेळायचं असेल तर मात्र १२-यू नंतर ट्रॅव्हलचा फायदा होतो, विशेषतः मोठ्या शाळेत. त्या वयात रेकमधल्या मुली कमी होत जातात आणि पिचर तर उरतच नाहीत. म्हणून माझं मत विचाराल तर: दहापर्यंत रेक आणि ऑल-स्टार, अकरा-बाराला गरज दिसली तर ट्रॅव्हल.

मोठं स्वप्न दाखवायचंच असेल तर मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला ओक्लाहोमा सिटीतून कॉलेजच्या मुलींची वर्ल्ड सिरीज टीव्हीवर लागते, ती लेकीला मांडीवर घेऊन बघा. २०२८ च्या ऑलिंपिकचा सॉफ्टबॉलही लॉस एंजेलिसला न होता त्याच मैदानावर होणार आहे.

निवड झाली आणि मन होत नाही

ट्रायआउटनंतर फोन येतो आणि एक-दोन दिवसांत उत्तर मागतात, पैसेही. या घाईत पुष्कळ जण हो म्हणून बसतात. आधी लेकीला एकटीला विचारा, बाबांसमोर नको, मैत्रिणींसमोर तर नकोच. माझी लेक तेव्हा गाडीत मागच्या सीटवरून म्हणाली होती, "आई, मला परत कॅचर व्हायचंय." चुकीच्या संघात वर्षभर तिला कुणी कॅचरचे पॅड घालूच दिले नव्हते.

नाही म्हणायचं तर थोडक्यात लिहा: तिला बोलावल्याबद्दल आभार, यंदा आम्ही टाउनमध्येच खेळतोय, पुढच्या वर्षी पुन्हा ट्रायआउटला येऊ. कोच हे लक्षात ठेवतात आणि आदराने घेतात. आताच्या संघाला मी आधी असंच कळवलं होतं, त्यांनी पुढच्या ऑगस्टला स्वतःहून फोन केला. टाउनच्या फॉल बॉलची, म्हणजे शरदातल्या रेक सामन्यांची, नोंदणी बहुतेक ठिकाणी ऑगस्टअखेरपर्यंत चालू असते. फॉर्ममध्ये शेवटी एक चौकट असते, मुलीला कोणत्या जागी खेळायला आवडेल म्हणून. ती तिच्याकडूनच भरून घ्या.